गॅस भरून घेतला का?

मे महिन्यात गाडीचा एसी बंद पडला, की महाराष्ट्रात निदान करणाऱ्यांचा तुटवडा पडत नाही. सोसायटीचा वॉचमन, शेजारचे निवृत्त बँक मॅनेजर, पेट्रोल पंपावरचा पोरगा, कल्याणहून फोनवर असलेले मामेसासरे, यांपैकी कुणीही बॉनेट न उघडता रोग सांगतं : ‘गॅस संपला असेल. भरून घेतला का?’ गाडीमालकालाही ते लगेच पटतं. स्वयंपाकघरातला गॅस संपतो, तर गाडीतला का संपू नये?

वास्तविक एसीतला गॅस जळत नाही, खर्च होत नाही. लहान हॅचबॅकमध्ये तो अर्ध्या किलोच्या आतबाहेर असतो आणि बंद नळ्यांमधून तोच तो गोल गोल फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठून तरी गळाला. होजमधून, ओ-रिंगमधून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो हे कबूल. पण अशा गळतीत एसी हळूहळू मंदावत जातो. काल रात्री हॉटेलातून जेवून परतताना ज्या एसीने मागच्या सीटवरच्या सासूबाईंना शाल पांघरायला लावली, तो आज सकाळी एकाएकी गरम वारा फेकू लागला, तर संशय आधी वायरिंगवर जायला हवा. तो जात नाही. कारण गॅस भरण्याचा दर पाटीवर लिहिलेला असतो आणि वायर शोधण्याला दरच नसतो.

शिवाय गॅस भरण्यात एक सोहळा आहे. दोन घड्याळं लावली जातात, एक निळी नळी आणि एक लाल नळी जोडली जाते, व्हॅक्यूम पंप घरघरतो, मधूनच फुस्स आवाज होतो, काटे थरथरतात. गिऱ्हाईक भारावून पैसे मोजतं. याउलट एखाद्याने दोन तास डोकं घालून एक गंजलेली पिन शोधली आणि पॉलिश पेपरने घासली, तर तेच गिऱ्हाईक म्हणतं, ‘हात्तिच्या, एवढंच होतं होय!’ या एका वाक्याने राज्यातले किती होतकरू ऑटो इलेक्ट्रिशियन गॅसच्या धंद्याकडे वळले असतील, कोण जाणे.

ड्रायव्हरने डॅशबोर्डवरचं बटण दाबलं म्हणजे एसी चालू केला, हा त्याचा गैरसमज. त्याने फक्त अर्ज केलेला असतो. तो अर्ज मग मंत्रालयातल्या फाईलसारखा टेबलाटेबलावरून फिरतो. ब्लोअर चालू आहे का, हे पहिलं टेबल विचारतं. तो बंद असेल तर अर्ज जागीच निकालात. दुसऱ्या टेबलावर थर्मिस्टर, म्हणजे इव्हॅपरेटरच्या जाळीत खोचलेला तापमानाचा सेन्सर. जाळी शून्य अंशाकडे झुकू लागली की तो हरकत घेतो, नाहीतर तिच्यावर बर्फ धरून हवाच अडेल. तिसऱ्यावर प्रेशर स्विच. गॅसचा दाब साधारण २ बारच्या खाली गेला तरी याची सही नाही आणि ३० बारच्या आसपास चढला तरी नाही. मग इंजिनाचा ईसीयू. हे अर्थखातं. इंजिन तापलंय? नामंजूर. ओव्हरटेक करायला अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलाय? तूर्त स्थगिती. सगळ्यांचं समाधान झालं की ईसीयू रिलेला खूण करतो, रिलेमधून करंट कॉम्प्रेसरच्या तोंडावरच्या कॉइलला पोचतो, कॉइलचं चुंबक होतं, समोरची प्लेट फिरत्या पुलीला ‘टक्’कन चिकटते आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. या प्लेट, पुली आणि कॉइलच्या त्रिकुटाला मिळून क्लच म्हणतात.

यातली कुठलीही एक सही अडली तरी आत बसलेल्याला कळतं ते एवढंच, की घाम येतोय. फाईल कुणी अडवली आणि का अडवली, याचा शेरा जुन्या गाड्यांत कुठेच सापडत नाही.

ही सगळी टेबलं पहिल्यापासून नव्हती. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९३९ साली आपल्या १९४० च्या मॉडेलसाठी कारखान्यातून बसवून मिळणारा एसी देऊ केला, तेव्हा त्याची किंमत २७४ डॉलर होती, यंत्रणेने निम्मी डिकी व्यापलेली होती आणि कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता. इंजिन चालू म्हणजे कॉम्प्रेसर चालू. तो बंद करायचा, तर गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं, बॉनेट उघडायचं आणि पट्टा उतरवून ठेवायचा. गैरसोयीची होती हे खरं. पण क्लचची कॉइल जळाली, रिले चिकटला, प्रेशर स्विचची वायर तुटली अशी एकही तक्रार त्या गाडीबद्दल कुणाला करता आली नसती. पुढे विजेवर चालणारा क्लच आला, मालकाचे हात स्वच्छ राहिले आणि मिस्त्री लोकांचे काळे झाले.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, पुण्याच्या नाना पेठेच्या आसपास अजून अशी माणसं आहेत, जी गॅसच्या घड्याळाला सर्वांत शेवटी हात लावतात. गाडी दारात आली की असा मिस्त्री आधी हत्यार काढत नाही, प्रश्न काढतो. गिऱ्हाइकाचं म्हणणं एकच असतं : एसी चालत नाही.

‘ते कळलं वो साहेब. कवा चालत न्हाई, ते सांगा.’

साहेबांनी असा विचारच केलेला नसतो.

‘सकाळी गार करतोय आन दुपारी न्हाई, का अजिबातच न्हाई? रोडला गार आन शिग्नलला गरम, आसं हाय काय? पंखा एकवर फिरतोय काय?’

एव्हाना साहेबांच्या मंडळी पुढच्या सीटवरून सांगू लागतात, आणि त्यांची माहिती अचूक असते. कारण साहेबांचं लक्ष रस्त्याकडे असतं आणि मंडळींचं जाळीतून येणाऱ्या हवेकडे. ‘अहो, असं काय करता? सुरुवातीला अर्धा तास छान असतो. मग बंद. गाडी थांबवून चहा प्यायलो की परत सुरू.’ मिस्त्री मान डोलावतो. निम्मं निदान झालेलं असतं. साहेब मात्र शेवटचं अस्त्र काढतात, ‘गॅस संपला असेल का?’

‘गॅस चहा प्यायला बाहेर जातोय व्हय?’

अडलेली फाईल शोधताना पहिल्या टेबलापासून सुरुवात करणाऱ्याचा दिवस जातो. जाणकार मधूनच सुरुवात करतो, आणि मधलं टेबल म्हणजे रिले. बॉनेटखालच्या काळ्या डब्याचं झाकण उघडलं की आत फ्यूज आणि रिले दाटीवाटीने बसलेले दिसतात. झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांचा नकाशा असतो. तो वाचायला चष्मा लागतो आणि त्यातल्या आद्याक्षरांचा अर्थ लावायला संयम. एसीचा रिले उपटला की खाली चार खाचा उरतात. रिलेच्या बुडाशी त्यांचे क्रमांक कोरलेले असतात : ३०, ८७, ८५, ८६. हे आकडे डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकातून आले आहेत. ज्यांनी जर्मनी सोडा, सांगलीही नीट पाहिलेली नाही असे मिस्त्री ते पाढ्यांसारखे म्हणून दाखवतात. ३० वर बॅटरीकडून आलेला करंट, ८७ पुढे क्लचकडे, ८५ आणि ८६ रिलेच्या पोटातल्या छोट्या कॉइलचे.

मिस्त्री टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या मायनसला लावतो आणि टोक ३० च्या खाचेत टेकवतो. दिवा लागला. म्हणजे बॅटरीपासून इथपर्यंत, फ्यूजसकट, रस्ता मोकळा आहे. मग खिशातून एक वीतभर वायर निघते. तिच्या मध्यावर फ्यूज बसवलेला असतो, दोन्ही टोकांना चपट्या पिना असतात. एक टोक ३० मध्ये, दुसरं ८७ मध्ये. पुढून, रेडिएटरच्या बाजूने, ‘टक्’. मिस्त्रीने वायर लगेच काढून घेतलेली असते. प्रेशर स्विचला डावलून कॉम्प्रेसर फिरवायचा, तर दोन सेकंदांपेक्षा जास्त नाही. आत खरोखरच गॅस नसेल तर गॅसबरोबर फिरणारं तेलही फिरत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा घासून जाम होतो. पण दोन सेकंदांत काय कळायचं ते कळलं. क्लच, त्याची वायर आणि फ्यूज निर्दोष सुटले. खोट असलीच तर रिलेत किंवा मागच्या टेबलांवर. ‘टक्’ झालंच नसतं, तर मागचे सगळे सुटले असते आणि चौकशी पुढे सरकली असती. वीतभर वायरने निम्मी गाडी वगळण्याची ही करामत पाहायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे तिची कदरही होत नाही.

रिलेचा संशय असेल तर त्याहून सोपी युक्ती आहे. बऱ्याच गाड्यांत एसीचा आणि हॉर्नचा रिले एकाच जातीचा असतो आणि शेजारी शेजारी बसतो. दोघांची अदलाबदल करायची. एसी सुरू झाला आणि हॉर्न मुका झाला, तर गुन्हेगार सापडला. नवा रिले दुकानातून यायला उद्या उजाडणार असेल, तर मिस्त्री मालकालाच विचारतो : आजच्या दिवस काय ठेवू, एसी का हॉर्न? घामाने सदरा पाठीला चिकटलेला तो माणूस क्षणभर विचार करतो आणि म्हणतो, ‘हॉर्न राहू द्या.’

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि आता सगळीकडेच काही शे रुपयांत पिवळा डिजिटल मल्टीमीटर मिळतो. तो हातात आला, की एरवी घरातला बल्बही शेजाऱ्याकडून बदलून घेणारा गृहस्थ गाडीचा वैद्य होतो. क्लचच्या वायरचा प्लग काढतो, मीटर लावतो, १२.६ व्होल्ट दिसतात. करंट तर पोचतोय! म्हणजे क्लचच गेला. मग नवा क्लच येतो. एसी तरीही बंद. मग कुणीतरी म्हणतं, कॉम्प्रेसरच गेला असेल, आणि बिलाला आणखी एक शून्य चिकटतं.

मीटर खोटं बोललेला नसतो. त्याला विचारलं तेवढंच त्याने सांगितलं. डिजिटल मीटरचा स्वतःचा अंतर्गत रोध साधारण एक कोटी ओहम असतो. तो करंट घेतोच किती? वायरीतल्या वीस तारांपैकी एकोणीस तुटल्या आणि एकच उरली, तरी त्या एका तारेतून त्याला पुरे १२.६ व्होल्ट दिसतात. क्लचला मात्र तीन-चार अँपिअर हवे असतात, आणि तेवढा भार येताच ती तार मान टाकते. म्हणून जुना मिस्त्री इंडिकेटरच्या २१ वॅटच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला आपला दिवा सोडत नाही. तो बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. मिणमिणला, की वायर आजारी. मीटरच वापरायचा तर प्लग न काढता, क्लच जोडलेला असताना, बॅटरीपासून क्लचपर्यंत वाटेत किती व्होल्ट गळतात ते मोजायचं. गेओर्ग ओहमने १८२७ साली मांडलेला नियम इथे अक्षरशः हाती लागतो. कॉइलचा रोध ३.६ ओहम, एखाद्या गंजलेल्या पिनेत जेमतेम १ ओहमची भर. चालू इंजिनावरच्या १३.८ व्होल्टपैकी ३ व्होल्ट त्या पिनेतच खपतात आणि कॉइलच्या वाट्याला १०.८ उरतात. पिनेवरचा गंज डोळ्यांना धड दिसतही नाही.

शिवाय करंट येण्याचा रस्ता सगळे तपासतात, परत जाण्याचा कुणी पाहत नाही. तो जातो बॉडी अर्थमधून, म्हणजे चॅसीला एका बोल्टने आवळलेल्या वायरमधून. रत्नागिरी, मालवण, गोवा या पट्ट्यात खारी हवा त्या बोल्टवर आपलं काम गुपचूप करत असते. तांब्याच्या टोकावर हिरवी भुकटी जमते. घाटावर हे पुण्यकर्म डेंटिंग-पेंटिंगवाले करतात. ठोकर बसलेला भाग चकचकीत रंगवून देताना ते अर्थचा बोल्ट रंगावरच आवळतात. रंग विजेला जाऊ देत नाही. मालक म्हणतो, ‘अपघातात एसीला धक्का बसला.’

आता त्या चहाच्या गोष्टीकडे. अर्धा तास गार, मग बंद, विश्रांती घेतली की पुन्हा गार. हा बिघाड मिस्त्री लोकांना मनापासून आवडतो, कारण तो फक्त गरम झाल्यावर दर्शन देतो आणि गॅरेजात पोचेपर्यंत गाडी सहसा निवलेली असते. क्लचची प्लेट आणि पुली यांच्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फट असते. लाखो वेळा ‘टक्’ करून दोघी झिजतात आणि फट वाढते. तिकडे कॉइल तापते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांना ३.६ ओहम असलेली कॉइल १०० अंशांना पावणेपाच ओहमच्या घरात जाते. करंट जवळजवळ चार अँपिअरवरून तीनच्या खाली उतरतो. फट वाढलेली, चुंबक दुबळं, प्लेट ओढलीच जात नाही. रिले ठीक, फ्यूज ठीक, व्होल्टेज ठीक, गॅस ठीक, आणि एसी बंद.

उपाय दोन आहेत. एक रस्त्यावरचा : लांब लाकडी दांड्याने प्लेटला पुढून ढोसायचं, ती चिकटते आणि पुढची वेळ येईपर्यंत चिकटलेली राहते. फिरत्या पट्ट्याजवळ हा प्रकार करणाऱ्यांची बोटं दहाच राहतील अशी हमी देता येत नाही, त्यामुळे वाचकांनी तो फक्त वाचावा. दुसरा उपाय म्हणजे बऱ्याच क्लचमध्ये प्लेटच्या मागे पातळ चकत्या, म्हणजे शिम असतात, त्यातली एक काढून टाकायची आणि फिलर गेजने फट पुन्हा मोजायची. नवीन भाग शून्य. उलट एक भाग कमी झालेला. या दुरुस्तीचं बिल कसं करायचं, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. जुनी झालेली वस्तू बदलली तर गिऱ्हाईक पैसे देतं, काढून हातात दिली तर देत नाही.

ब्लोअरचा किस्सा याहून सरळ आहे आणि त्याला बळी पडणारे जास्त. एक, दोन, तीनवर पंखा गप्प. चारवर मात्र सुसाट. अशा गाड्यांत खालच्या वेगांसाठी करंट एका रेझिस्टरमधून जातो आणि चौथ्या वेगाला थेट मोटरला. म्हणजे चार चालतो याचा अर्थ मोटर शाबूत, रेझिस्टर गेला. हे निदान एका मिनिटाचं आहे, तरी लोक दोन-दोन वर्षं चारवर काढतात. घरातली मंडळी एकमेकांशी ओरडून बोलायला शिकतात. गाडी विकताना मालक गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगतो, ‘एसी असला जबरदस्त आहे, की चारच्या खाली आम्ही कधी लावलाच नाही.’ ज्यांनी रेझिस्टर बदलला त्यांच्यापैकी काहींचा काही महिन्यांत पुन्हा जळतो आणि दोष डुप्लिकेट मालावर जातो. बऱ्याचदा खरा दोषी मोटर असते. तिची बुशिंग सुकली, पंख्यात पिंपळाची पानं अडकली, की ती जादा करंट ओढते आणि त्याचा भुर्दंड रेझिस्टर भरतो.

हायवेला गार आणि सिग्नलला गरम, या तक्रारीत बहुतेक वेळा पुढचा पंखा दोषी असतो. कंडेन्सरवरून हवा जायला हवी. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर ती गाडीच्या वेगानेच जाते, म्हणून खोपोलीपर्यंत सगळे खुशीत. बोरघाटातल्या कोंडीत गाडी थांबली, पंखा फिरला नाही, की दाब चढत जातो आणि प्रेशर स्विच सही मागे घेतो. त्याच क्षणी कॉम्प्रेसरचं ओझं उतरल्याने गाडीचं इंजिन हलकं होतं. ड्रायव्हरला वाटतं, वा, घाटात काय पिकअप आहे! पंख्याचा बिघाड साठ-सत्तर रुपयांच्या फ्यूजमध्ये असो, रिलेत असो की मोटरच्या झिजलेल्या ब्रशमध्ये असो, वाटेतल्या पहिल्या गॅरेजात गाडी नेली, तर उत्तर ठरलेलं. गॅस.

पावसाळा लागला की प्रकरणात उंदीर येतात. बाहेर चिखल, आत उबदार इंजिन. त्यांचं चुकतं असं म्हणवत नाही. गाडीतल्या शेकडो मीटर वायरींपैकी नेमकी प्रेशर स्विचची किंवा पंख्याची वायर ते का निवडतात, यावर प्रत्येक सोसायटीत एक सिद्धांत आणि एक उपाय असतो. डांबरगोळ्या, फिनेल, लाल तिखट, उंदरांना ऐकू जाईल असा आवाज काढणारं यंत्र, आणि सगळ्यांत मानाची तंबाखूची पानं. कोल्हापूर-सांगलीकडे बॉनेट उघडलं तर बॅटरीशेजारी व्यवस्थित बांधलेली जुडी सापडते. तिने उंदीर किती पळतात हे सांगणं कठीण. मिस्त्री मात्र रेंगाळतो.

हल्ली मिस्त्रीऐवजी स्कॅनरला विचारायची पद्धत आहे. स्कॅनर लावला, कोड आला, तो भाग बदलला. पण कोड भागाचं नाव सांगत नाही, वाट सांगतो. ‘इव्हॅपरेटर तापमान सेन्सरचं सर्किट’ असं लिहून आलं, तर सर्किटात सेन्सर आहे, दोन वायरी आहेत, चार पिना आहेत आणि दोन प्लग आहेत. सेन्सर सर्वांत महाग, म्हणून तोच बदलला जातो. खरी मजा कोडपेक्षा स्कॅनरवरच्या चालू आकड्यांत असते. या सेन्सरचा रोध थंडीत वाढतो. वायरच तुटली, की रोध अनंत होतो आणि ईसीयूला वाटतं, कडाक्याची थंडी पडली. बाहेर चंद्रपूरचा मे महिना, बॉनेटवर हात टेकवत नाही, आणि स्कॅनरवर इव्हॅपरेटरचं तापमान उणे ४०. ईसीयू इमानदारीने एसी नाकारतो : आधीच एवढं गार आहे, आणखी कशाला?

याहून वरचढ प्रकार ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या गाड्यांत सापडतो. काचेखाली डॅशबोर्डवर ऊन मोजणारा एक सेन्सर असतो. टोयोटाच्या काही गाड्या बंद शेडमध्ये तपासल्या, तर या सेन्सरचं सर्किट बिघडल्याचा कोड येतो. कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतच तशी सूचना आहे. गाडीची तक्रार एवढीच, की सूर्य सापडत नाही. सूचना न वाचलेला माणूस सेन्सर मागवतो. वाचलेला गाडी ढकलत उन्हात आणतो.

नव्या गाड्यांनी जुन्या कानांची फारच पंचाईत केली आहे. अनेक गाड्यांच्या कॉम्प्रेसरला आता क्लच नसतो. पुलीबरोबर तो कायम फिरतो आणि आतला विजेवर चालणारा व्हॉल्व्ह गॅस किती ढकलायचा ते ठरवतो. म्हणजे फिरून फिरून पॅकार्डपाशी आलो, फक्त पट्टा उतरवावा लागत नाही. ‘टक्’ ऐकण्यावर तीस वर्षं काढलेला मिस्त्री बॉनेटपाशी कान लावून उभा राहतो. एसी चालू, आवाज नाही. एसी बंद, आवाज नाही. पुढची प्लेट दोन्ही वेळा फिरतेच आहे. व्हॉल्व्हला करंट सरळ न जाता तुकड्यातुकड्यांनी जातो, त्यामुळे मीटरवर ५ व्होल्ट दिसले तर ते वाईट की चांगले, हेही कळत नाही. इथे ऑसिलोस्कोप लागतो. तो विकत घेऊन जो बसला, त्याला गिऱ्हाईक विचारतं, ‘हे ईसीजीचं मशीन कशाला?’

एवढ्यावर भागलं असतं. पण १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. चालकांच्या दृष्टीने ही फार उशिरा आलेली चांगली गोष्ट. आता बिघाडाची ही वंशावळ हायवेवरच्या ढाब्यांपर्यंत पोचणार, आणि तिथल्या टपरीतला इलेक्ट्रिशियन आजवर लाइट, हॉर्न आणि स्टार्टर याच तीन देवांना पुजत आलेला आहे. शिवाय मोठ्या ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची असते. रात्री दोन वाजता क्लचची कॉइल गेली आणि टपरीत कारची १२ व्होल्टची कॉइल पडलेली असली, तर ती अगदी झकास बसते. दुप्पट व्होल्टेजला करंट दुप्पट, उष्णता चौपट. चुंबक असं काही चिकटतं, की ‘टक्’ शेजारच्या बाजेवर झोपलेल्यालाही ऐकू यावं. पुढच्या टोलनाक्यापर्यंत केबिन छान गार राहते. मग बॉनेटमधून धूर येतो आणि टोलनाक्यावरचा माणूस खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारतो, ‘उस्ताद, गॅस लीक झाला का?’